एकट्याची गाडी आणि शालनचा ब्रेकर

मंडळी, एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तराची घाई नाही. माणसानं वाहन घ्यावं ते कुणाच्या मापानं? आपल्या हौसेच्या मापानं, की रोज ज्या वाटेनं जायचं त्या वाटेच्या मापानं?

तुम्ही म्हणाल, बुवा, काल्याचं कीर्तन आहे, दहीहंडी बांधलीय, महाप्रसादाच्या आमटीचा वास सुटलाय, आणि हे गाड्यांचं काय काढलंत? — अहो, देवसुद्धा वाहनावरच येतो! गणपतीला उंदीर. शंकराला नंदी, आणि चाल कशी, तर पाठीवर भरली घागर ठेवा, थेंब सांडणार नाही. विष्णूला गरुड. तो वेगाचा खरा, पण त्याला आभाळ मोकळं आहे. आभाळात म्हैस आडवी येत नाही! कुणी म्हणेल, आमच्या खंडोबाला घोडा आहे की, पांढराशुभ्र, उधळणारा. आहे. पण घरी जाऊन देव्हाऱ्यातला टाक नीट निरखून बघा. त्या घोड्यावर खंडोबाबरोबर कोण बसलंय? म्हाळसा! घोडा कितीही पळणारा असो, देवानं दुसऱ्याला बसायला जागा ठेवली. हे ध्यानात धरा. आख्यान फिरून इथंच येणार आहे.

म्हणा माझ्याबरोबर. चरण संतांचं नाही, माझंच आहे, म्हणून जरा लंगडतंय. टाळकऱ्यांनी सांभाळून घ्यावं —

वेगे वेगे जासी कोठे।
मागे पाहे कोण सुटे।।

ऐका. कोल्हापूर सोडून आत उसाच्या पट्ट्यात शिरलं की चिखलवणे म्हणून गाव लागतं. नकाशात शोधू नका. नकाशा काढणाऱ्यांची जीप त्या गावापर्यंत पोचलीच नाही. का नाही पोचली? ब्रेकरमुळं! सरकारी भाषेत गतिरोधक, आपल्या भाषेत ब्रेकर. त्या रस्त्यावर इतके ब्रेकर, की कच्ची अंडी घेऊन निघालेला बाजारात पोचेपर्यंत ऑम्लेट विकायला बसतो!

हसा. हसून घ्या. आता ते ब्रेकर कसे झाले ते सांगतो, मग बघतो कोण हसतंय.

त्या भागात एक रीत आहे. रस्त्यावर गाडीखाली कुणी गेलं, की बाराव्याला, जेवणाची पंगत बसायच्या आधी, गाव तिथं ब्रेकर घालतं. घरटी एक घमेलं. कुणी वाळू देतो, कुणी खडी, कुणी सिमेंट, ज्याच्याकडे काही नाही तो घागरभर पाणी. आणि त्या ब्रेकरला नाव गेलेल्या माणसाचं. धोंडीरामचा ब्रेकर. मास्तरांचा ब्रेकर. जुळ्यांचा ब्रेकर — तिथं थांबू नका, मंडळी, पुढं चला. सरकारी माणसं येऊन फोडून जातात, गाव पुन्हा घालतं. पाडव्याला त्यावर चुन्याचे पट्टे ओढतात. नवी नवरी गावात आली की सासू तिला नावं शिकवते. एसटीचा कंडक्टरसुद्धा विचारतो, कुठं उतरणार, धोंडीराम का मास्तर? माणूस मेलं, पण त्याचा थांबा झाला!

तर चिखलवण्याच्या तोंडाशी, दूध डेअरीसमोर होता शालनचा ब्रेकर. सगळ्यात उंच. शालन ही शिदू नाना गवंड्याची लेक. शाळेतून सायकलवर येत होती, उसाचा ट्रॅक्टर आला... नाना गवंडी माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली. लेकीचा ब्रेकर त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. घमेली सगळ्यांची घेतली, पण थापी एकट्यानं चालवली. एवढा उंच केला, एवढा उंच केला, की मंडळी, त्या ब्रेकरच्या सावलीत म्हशी बसायच्या! — बरं, शेळ्या बसायच्या म्हणतो. तेवढं तरी मान्य करा.

आणि त्या ब्रेकरपाशी प्रत्येक गाडी थांबायची. ट्रॅक्टर थांबायचा, पिकअप थांबायची, आमदाराची गाडीसुद्धा मान खाली घालून जायची. नाना समोरच्या कट्ट्यावर बसून बघायचा. प्रत्येक गाडी हळू झाली की त्याचं तोंड जरासं हलायचं. नाव घेत असेल.

त्याच गावात इंद्रजित चौगले. आपल्या आख्यानाचा नायक. औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर कामाला. लेथवाला म्हणजे काय मंडळी, तर केसाच्या जाडीचं माप ओळखणारा. घरात आई, हौसाक्का, दोन म्हशी, आणि बापाच्या वेळची एक शंभर सीसीची मोटारसायकल. बाप लवकर गेला. गाडी राहिली. रंग उडालेली, आवाज फुटलेल्या ढोलकीसारखा, पण काय तिची सेवा! सकाळी कामाला जाताना इंद्रजित आईला मागं बसवायचा. हौसाक्काचे गुडघे गेलेले. ती एका अंगानं बसायची, मांडीवर दुधाची किटली, आणि एक हात लेकाच्या खांद्यावर. शालनचा ब्रेकर आला की तो हात जरासा दाबला जायचा. म्हणजे, हळू. इंद्रजित हळू करायचा. डेअरीच्या दारात आई उतरायची. संध्याकाळच्या दुधालाही तसंच. हा रोजचा नेम. देवाची काकड आरती चुकेल, पण हौसाक्काचा लेकाच्या खांद्यावरचा हात चुकणार नाही.

पण मंडळी, मन कुठं एका जागी बसतंय? दिवसभर लेथ गरगर फिरते, तिच्यापुढं इंद्रजित उभा. आणि त्याच्या मनात दुसरंच चाक फिरतंय. मोबाइलवर रेसच्या गाड्या बघायचा. गुडघा जमिनीला टेकवून वळणारे ते वीर! त्याला वाटायचं, आपण या गल्लीत, या शेणात, या फुटलेल्या ढोलकीवर जन्म घालवायला आलो नाही. असं तुम्हालाही वाटतं. मलाही वाटतं. त्यात पाप नाही. त्यानं वर्षानुवर्षं ओव्हरटाइम केला, सणावारी मशीनवर उभा राहिला, बापाची गाडी भंगारवाल्याला दिली, आणि एके दिवशी दारात आणून उभी केली — लाल गाडी. ट्रॅकवर पळवायची. अस्सल रेसची.

काय तिचं रूप सांगू! तोंड खाली, शेपूट वर, जशी नांगी उचललेली विंचवीण. हँडल इतकं खाली की गाडी चालवणारा रस्ताभर साष्टांग नमस्कार घालत चाललाय असं वाटावं. पाय मागं दुमडलेले. मंडळी, इंद्रजित पहिल्या दिवशी कामावरनं आला तेव्हा त्याला सरळ उभंच राहता येईना. ओणवाच घरात शिरला. आईला वाटलं, पोरगं पाया पडतंय. तिनं आशीर्वाद दिला!

आणि तापणं! इंजिनची धग मांड्यांना. ती गाडी वाऱ्यावर थंड होते, आणि वारा मिळतो पळाल्यावर. आपल्या रस्त्यावर पळायचं कुठं? उसाच्या गाडीमागं उभा राहिला की खिशातल्या शेंगा भाजून निघायच्या. आरसे दोन, पण त्यात दिसायचं काय? स्वतःचे कोपर! मागचं जग दिसायचंच नाही. आणि वळायला? त्या गाडीचं हँडल वळतच नाही हो. गल्लीत तोंड फिरवायचं तर पुढच्या गावच्या पाराला वळसा घालून यायचा. लोक म्हणायचे, इंद्रजित कुठं गेला? — आलाच, घराकडं वळतोय.

पण अन्याय नको. गाडी वाईट नव्हती. मित्रांबरोबर एकदा तो खऱ्या ट्रॅकवर गेला, आणि त्या दिवशी ती गाडी जी हसली! जो नमस्कार गावात कमरेवर यायचा, तोच तिथं पंखासारखा झाला. वारा मिळाला, इंजिन गार झालं, वळणावर ती अशी झुकली जशी गाय वासराकडं झुकते. इंद्रजितच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण ती जागाच तिची होती. तिथं समोरून कुणी येत नाही. तिथं कुत्रं नाही, खड्डा नाही, डेअरी नाही, कुणाची आई रस्ता ओलांडत नाही. सगळे एकाच दिशेनं जातात, जिवाच्या आकांतानं जातात, आणि जातात कुठं? जिथनं निघाले तिथंच! — चौऱ्यांशीचा फेरा तो दुसरा काय असतो?

आता ऐका. गाडी आली त्या दिवशी हौसाक्कानं तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग किटली हातात घेऊन सवयीनं मागच्या अंगाला गेली. आणि उभीच राहिली.

"इंद्रा, मी कुठं बसू?"

मागं सीटच नव्हती, मंडळी. नुसता उंचवटा. तिथं हात फिरवून ती बघत होती, जसं अंधारात खुंटी चाचपावी. इंद्रजितनं खाली बघितलं आणि सांगितलं, आई, ही एकट्याची गाडी असते.

"एकट्याची? म्हंजे बायको करायची न्हाईस व्हय रं?"

सगळी गल्ली हसली. तीही हसली. आणि दुसऱ्या दिवसापासून हौसाक्का किटली घेऊन चालत डेअरीला जायला लागली. गुडघे गेलेली बाई. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि डेअरी कुठं? रस्त्याच्या पलीकडं.

वेगे वेगे जासी कोठे।
मागे पाहे कोण सुटे।।

आता गाडीची आणि ब्रेकरची गाठ. रेसच्या गाडीचं पोट खाली. चकचकीत प्लॅस्टिकचं कवच, जमिनीला लागतंय की काय असं. बाकीचे ब्रेकर त्यानं तिरके घालून, पाय टेकून, जीव मुठीत धरून पार केले. धोंडीराम पार केला, मास्तर पार केले. पण शालन? शालन काही पार होईना. पुढचं चाक पलीकडं, मागचं अलीकडं, आणि पोट मधे टेकलेलं. इंद्रजितचे दोन्ही पाय हवेत! पारावरची माणसं धावली, गाडी उचलून पलीकडं ठेवली. रोज सकाळी. रोज संध्याकाळी. पुढं पुढं त्यांना सवय झाली. गाडीचा आवाज आला की कुणीतरी म्हणायचं, चला, पालखी आली, खांदे द्या!

काय टोमणे! कुणी विचारायचा, इंद्रा, खाली चाकं लावून घे की अजून दोन. कुणी म्हणायचा, विमान आहे ते, त्याला धावपट्टी लागते. इंद्रजित हेल्मेटच्या आत लाल व्हायचा. गाडीचं कवच घासत घासत तडकलं. रोज रात्री तो त्या चिरेवरनं बोट फिरवायचा. एका सुट्टीला त्यानं कारखान्यातलं मापाचं हत्यार आणलं, ब्रेकरपाशी उकिडवा बसला, ब्रेकरची उंची मोजली, गाडीची मोजली. केसाचं माप ओळखणारा माणूस. हिशोब निघाला: बोटभर. ब्रेकर नुसता बोटभर जास्त आहे.

बोटभर, मंडळी! आपली सगळ्यांची पापं बोटभरच असतात. हातभर पाप करायला छाती लागते, ती आपल्याकडं नाही.

आता इथं विचार करा. दोन वाटा होत्या. गाडी रस्त्याच्या मापाची करायची, किंवा रस्ता गाडीच्या मापाचा करायचा. गाडी विकून साधी घेतली असती तर गोष्ट इथंच संपली असती, आणि आपण एव्हाना दही खात बसलो असतो. पण तो गेला शिदू नानाकडं.

नाना कट्ट्यावर बसला होता. इंद्रजितनं इकडचं तिकडचं काढलं, पाऊसपाणी, गुडघे, सिमेंटची थैली. मग म्हणाला, नाना, ब्रेकर जरा तासला तर. बोटभर. काढायचा न्हाई, नुसता गोल करायचा.

नाना हातातली काडी मोडत राहिला. कुणी रागवणारा असता तर इंद्रजित परत फिरला असता. गप्प बसणाऱ्याशी माणूस जास्त बोलतो. आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं. त्यानं ठरवून काढलं नव्हतं हो. आलं तोंडात.

"नाना, शालन मला राखी बांधायची. भावाची गाडी अडवली असती व्हय तिनं?"

टाळ थांबवा जरा.

नाना उठला. घरात गेला. छिन्नी आणि हातोडी घेऊन आला. ज्या हातानं घातला होता त्याच हातानं, भर दुपारी, रस्त्यात बसून, त्यानं लेकीचा ब्रेकर तासायला घेतला. इंद्रजित म्हणाला, मी करतो, नाना. नानानं मान हलवली. दुसऱ्याच्या हाताला जमणार नाही, एवढंच म्हणाला. चुन्याचे पट्टे उडाले. सिमेंटची पूड नानाच्या मिशांत बसली. प्रत्येक घावाला त्याचं तोंड जरासं हलत होतं.

हौसाक्का दुपारी म्हशीला पेंड आणायला डेअरीत आली होती. ती तिथंच थांबली. बघत राहिली. घरी आल्यावर तिनं लेकाला जेवायला वाढलं, समोर बसली आणि सांगितलं, "त्यो दगूड तासत न्हवता रं, इंद्रा. लेकीला तासत हुता." इंद्रजितचा घास हातातच राहिला. क्षणभर. मग खाली गेला. घास खाली जातोच, मंडळी. हीच तर पंचाईत आहे.

दुसऱ्या दिवशी लाल गाडी शालनवरनं गेली. लोण्यातनं सुरी गेल्यासारखी. ना घासली, ना अडली. हेल्मेटच्या आत इंद्रजित हसला. त्याला वाटलं, जिंकलो. पारावरच्यांचं तेवढं काम गेलं.

पण रस्ता कुणा एकट्याचा असतो का? लाल गाडीला जे कळलं ते ट्रॅक्टरला कळलं. ट्रॅक्टरला कळलं ते पिकअपला. गाड्यांना तोंड नाही, पण त्या एकमेकींना सांगतात. पूर्वी पार लांबनंच गियर उतरवायचे ते आता डेअरीपर्यंत तसेच यायला लागले. नाना कट्ट्यावर बसायचा. गाड्या जायच्या. त्याचं तोंड हलायचं बंद झालं. नाव घ्यायला तेवढा वेळच मिळेना.

आता मला पुढं सांगवत नाही. पण आख्यान लावलंय, ते मधे सोडता येत नाही.

उसाचा हंगाम होता. संध्याकाळची वेळ. हौसाक्का दूध घालून डेअरीतनं निघाली, रिकामी किटली हातात. एक उसाची बैलगाडी जाऊ दिली. तिच्या मागनं भाजीची पिकअप आली. ड्रायव्हर परगावचा, दारू प्यालेला नाही, मोबाइलवर बोलत नव्हता, काही नाही. त्याला शिव्या घालायचीसुद्धा सोय नाही. तो नंतर रडत रडत सांगत होता, इथं मोठा ब्रेकर होता म्हणून मी कायम लांबनंच हळू करायचो हो. मागच्या खेपेला बघितलं, तासलेला. मला वाटलं, आता इथं भीती नसेल.

तिचे गुडघे लवकर उचलले नाहीत.

इंद्रजित त्या दिवशी ओव्हरटाइमला थांबलेला. कारखान्यात फोन आला. कुणी सांगितलं, आईला लागलंय. इंद्रजित गाडीवर बसला. आता सांगा, तीन तालुक्यांत त्याच्याइतकी पळणारी गाडी कुणाची होती? कुणाचीच नाही. आणि मंडळी, जन्मात एकदाच त्या वेगाची खरी गरज पडली. एकदाच!

आणि रस्ता? उसानं भरलेला. ट्रॉल्यांवर ट्रॉल्या, बैलगाड्यांवर बैलगाड्या, मुंगीला वाट नाही. पहिल्या गियरमधेसुद्धा ती गाडी आपल्या चालीपेक्षा जोरात धावू बघते, हळू चालणं तिच्या रक्तातच नाही. क्लच दाबून दाबून त्याची बोटं आखडली. मास्तरांच्या ब्रेकरला कवच उरलंसुरलं फुटलं. त्यानं बघितलं नाही. मांड्या भाजत होत्या. त्याला कळत नव्हतं. ती लाल गाडी तापून रागावली आणि तिनं वाफ सोडली, फुस्स करून, आणि धोंडीरामच्या ब्रेकरवर बंद पडली. ती पुढं जाईना, मागं येईना.

त्यानं ती तिथंच टाकली. धावत सुटला. मागनं एक दूधवाला आला, बापाच्या गाडीसारखीच जुनी शंभर सीसी, दोन्ही अंगाला कॅन. त्यानं काही विचारलं नाही. नुसता जरा पुढं सरकला. इंद्रजित कॅनवर पाय ठेवून मागं बसला आणि त्यानं त्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. ती ढोलकी बैलगाड्यांच्या फटीतनं, चिखलातनं, बांधावरनं, हळूहळू हळूहळू, कुठंही न थांबता त्याला घेऊन आली.

शालनच्या ब्रेकरपाशी माणसं उभी होती. वाट करून दिली. नाना रस्त्यात बसला होता, आणि हौसाक्काचं डोकं त्याच्या मांडीवर. वर कुणाचं तरी उपरणं घातलेलं. किटली बाजूला सरळ उभी करून ठेवली होती, कुणी ठेवली कोण जाणे.

इंद्रजित खाली बसला. त्याला एकच विचारायचं होतं. काही बोलली का.

नानानं उपरणं सारखं केलं. सांगावं का नको असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाला,

"म्हणाली, इंद्राला फोन करू नगा. जोरात यील त्यो."

विठ्ठल... विठ्ठल... म्हणा हो कुणीतरी. माझा आवाज पोचत नाही.

ज्या खांद्यावर तिचा हात असायचा, त्याच खांद्यावर त्यानं तिला नेलं. मंडळी, तिरडीला घाई नसते. त्या दिवशी इंद्रजित पहिल्यांदा त्या रस्त्यावरनं रस्त्याच्या चालीनं चालला. ब्रेकर आला तशी माणसं आपोआप हळू झाली. पाय उचलून टाकले. एकालाही ठेच लागली नाही.

बारावा आला. गावची रीत. सकाळीच घमेली यायला लागली. घरटी एक. वाळू, खडी, सिमेंट. शिदू नाना थापी घेऊन आला, ओळंबा लावला, दोरी ताणली. आणि त्यानं इंद्रजितला बोलावून विचारलं, "किती उंच करू?"

इंद्रजित घराच्या मागं गेला. लाल गाडी टेम्पोत घालून कुणीतरी आणून टाकली होती, ती त्यानं ढकलत आणली. फुटलेलं पोट, काळवंडलेली. ब्रेकरच्या जागी आडवी उभी केली आणि म्हणाला,

"हिचं पोट अडकंल एवढा करा, नाना. परत कधी ओलांडायला नको हिला."

सगळ्यांना वाटलं, बरोबर बोलला पोरगा. प्रायश्चित्त झालं. तुम्हालाही तसंच वाटलं ना? माना हलल्या तुमच्या, मी बघितल्या.

पण नानानं थापी खाली ठेवली.

"गाडीच्या मापानं नगं, इंद्रा. एकदा गाडीच्या मापानं केलाय आपण दोघांनी."

आपण दोघांनी! ज्यानं मागितलं तो एक, आणि ज्यानं दिलं तो दुसरा. म्हाताऱ्यानं अर्धा वाटा स्वतःच्या पदरात घेतला. मग तो वाकला, जमिनीपासनं वर हात धरला, जरा खाली घेतला, जरा वर, जसं लेकराची उंची दाखवावी. म्हणाला, गुडघे दुखणाऱ्या बाईला चढ वाटणार नाही, आणि चाकाला वाटंल. एवढा.

आणि तेवढाच घातला. थापी नानानं चालवली, माल इंद्रजितनं कालवला. नाव काय द्यायचं ते कुणी विचारलं नाही. शालनचा म्हणावं का हौसाक्काचा? आजही कंडक्टर तिथं नुसतं म्हणतो, डेअरी. नाव घेत नाही.

तुम्ही म्हणाल, बुवा, मग शेवट गोड झाला. ब्रेकर झाला, पोरगा शहाणा झाला. कुठला गोड? ब्रेकर गेलेल्याला परत आणत नाही हो. तो फक्त पुढच्याला थांबवतो, आणि पुढचा थांबेलच असंही नाही. त्या रस्त्यावर ब्रेकर वाढत चाललेत. एके दिवशी असं होईल की रस्ता उरणारच नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती नावं उरतील. तेव्हा तुमची ती गाडी कुठनं पळवणार?

लाल गाडी गोठ्यात उभी आहे. त्याला ती विकवत नाही, घेणाऱ्याच्याही घरी आई असेल म्हणतो. मागच्या उंचवट्यावर आता कोंबडी बसते. एकट्याची गाडी, शेवटी कोंबडीनं जागा करून घेतली! इंद्रजित एसटीनं कामाला जातो. डेअरीचा ब्रेकर आला की बस हळू होते, आणि बसल्या जागी तो उजवा खांदा जरासा खाली करतो. शेजारच्याला वाटतं, झोप लागली. झोप नाही ती. तो दाबायची वाट बघतो. कुणी दाबत नाही.

मंडळी, हा देह गाडी, हा संसार रस्ता, हे तुम्हाला दर कीर्तनात सांगतात, आणि तुम्ही जांभया देता. मी ते सांगणार नाही. मी नुसतं विचारतो. तुमच्या वेगाच्या आड कोण येतंय, आणि त्याला तुम्ही बोटभर तासायला घेतलंय का? बापाचं बोलणं? शेजाऱ्याची वाट? बायकोचं दुखणं? बोटभरच. नुसतं गोल करायचं. आणि तासायला तुम्ही स्वतः जात नाही. ज्याचं आहे त्याच्याच हातात छिन्नी देता, गोड बोलून.

सकाळी मंदिरात येताना मी बघितलं, बाहेर पिंपळाखाली गाड्या लागल्यात. त्यात एक लाल आहे. शेपूट वर, तोंड खाली. कुणाची, मी विचारत नाही. ज्याची आहे तो मघापासून खांबाआड सरकतोय. बाळ, सरकू नकोस. गाडी देखणी आहे. तिची जागा आहे ती, तिथं घेऊन जा तिला, मनसोक्त पळव, माझा आशीर्वाद आहे. पण आज इथं, या बायकांत, तुझी आई बसली असेल. काल्याचा द्रोण घेऊन ती आता घरी निघेल.

माउली, हात वर करू नका. मनातच उत्तर द्या.

तुम्ही कुठं बसणार?